कानातले पाहुणे

विनोदी पॉडकास्टवर पाहुणा कसा असावा याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती मला आजवर कुणीही विचारलेली नाहीत. बदलीने मला पुण्याहून उचलून कलकत्त्याच्या डमडमला आणून ठेवलं, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मेट्रोच्या दांडीला लटकायचं आणि कुणीतरी कुणाशी तरी मारलेल्या गप्पा कानात घालून घ्यायच्या, हा माझा नेम. डमडम सुटलं की गाडी जमिनीत शिरते. मग बेलगाछिया, श्यामबाजार, शोभाबाजार. गिरीश पार्क यायच्या आत मला कळलेलं असतं, की आजचा पाहुणा पार्क स्ट्रीटपर्यंत माझ्याबरोबर येणार की त्याला मध्येच उतरवावं लागणार.

बहुतेकांना मी महात्मा गांधी रोडला उतरवतो.

त्यांचा गुन्हा एकच. ते काहीतरी विकायला आलेले असतात. शुक्रवारी सिनेमा लागणार असतो, नाटकाचा पन्नासावा प्रयोग असतो, पुस्तक आलेलं असतं, नाहीतर स्वतःचंच पॉडकास्ट निघालेलं असतं. अशा माणसाचं हसू ऐकूनच ओळखू येतं. ते जरा आधी सुरू होतं आणि जरा उशिरा थांबतं. यजमानाने विनोद पुरा करायच्या आत हा "अरे काय बोलतोस तू!" म्हणून मांडीवर थाप मारतो, थाप माइकला बरोबर ऐकू येते. मग "सेटवर आम्ही एका कुटुंबासारखे होतो" हे वाक्य येतं. हे वाक्य आलं की मी फोन खिशातून काढतो. आमच्या कुटुंबात मालमत्तेवरून दोन भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. त्या सेटवर तसं काही झालं असतं तर मी पार्क स्ट्रीटच काय, टॉलीगंजपर्यंत ऐकत गेलो असतो.

सिनेमा विकायला आलेल्या पाहुण्याचं काय करायचं हे आपल्याकडे 'चला हवा येऊ द्या'वाल्यांना बरोबर कळलं होतं. २०१४ पासून त्यांच्या ठुकरटवाडीत झाडून सगळे नट-नट्या सिनेमाची जाहिरात करायला आल्या. निलेश साबळे त्यांना अदबीने बसवायचा, आणि मग भाऊ कदम साडी नेसून यायचा. पाहुण्याला काम एवढंच, की बसून हसायचं. ते कुणालाही जमतं. पॉडकास्टमध्ये ही सोय नाही. तिथे पाहुण्याला दीड तास स्वतः बोलावं लागतं, आणि आपल्याजवळ दीड तास बोलण्यासारखं काही आहे की नाही हे माणसाला सहसा तिसऱ्या मिनिटाला कळतं. उरलेला वेळ संघर्षाच्या आठवणी. मुंबईत आलो तेव्हा खिशात अमुक इतके रुपये होते. विनोदी पॉडकास्टवर ही रक्कम हल्ली फारच कमी होत चालली आहे; काही दिवसांनी माणसं देणं घेऊनच मुंबईत उतरतील.

दुसरी तऱ्हा अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांनी दाखवली होती, दहाएक वर्षांपूर्वी. त्यांच्या 'कास्टिंग काऊच'मध्ये पाहुणा मोठा आणि यजमान बावळट, असा मांडलेला डाव होता. दोघं काम मिळवायला धडपडतात आणि तोंडावर पडतात. यजमानाची फजिती होते आहे म्हटल्यावर पाहुणा सैल होतो, स्वतःचं मोठेपण जपायचं विसरतो. पुढे माइक महाग झाले, पाठीमागे विटांची भिंत आणि निळा दिवा आला, आणि यजमानांना स्वतःच्या फजितीची लाज वाटू लागली. आता तेच जास्त बोलतात.

पण आदर्श पाहुणा कोण, म्हणाल तर माझं उत्तर पॉडकास्टच्या कितीतरी आधीचं आहे. टेकाडे भाऊजी. आकाशवाणी मुंबईच्या 'प्रपंच'-'पुन्हा प्रपंच'मध्ये प्रभाकरपंत आणि मीनावहिनींच्या घरी ते यायचे. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर या तिघांच्या आवाजांवर महाराष्ट्रातली कित्येक घरं जेवणं उरकून रेडिओपाशी बसत, असं आई सांगायची. भाऊजींकडे विकायला काही नव्हतं. ते कशासाठी आले हे कुणी विचारत नसे, आणि विचारलंच तर त्यांनाही सांगता आलं नसतं. नवरा-बायकोच्या कुरबुरीत तिसरा आवाज आला की ती कुरबूर ऐकण्याजोगी होते, एवढं या मालिकेला कळलं होतं. आजचे दोन यजमान आणि एक पाहुणा, हा सारा थाट तिथलाच. फक्त भाऊजींना कुणी "तुमचा प्रवास उलगडून सांगा" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी बहुधा गिरगाव ते दादर सांगितला असता.

आता हे सगळं मी डमडममध्ये बसून बोलतोय, याला थोडा अर्थ आहे. या गावातून जगात दोन वस्तू गेल्या. एक बंदुकीची गोळी, अंगात शिरून फुलणारी. ती १८९९ च्या हेग परिषदेने बंद केली. दुसरी ग्रामोफोनची तबकडी. ती कॅसेटने बंद केली. जेसोर रोडवरच्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून लाखेच्या तबकड्या दाबल्या जात. लाख जवळच्याच जंगलपट्ट्यातून यायची. आपल्या पणजोबांनी ज्या तबकड्यांवर नाट्यपदं ऐकली त्यातल्या बऱ्याचशा इथून निघून पेट्यांतून मुंबईला गेल्या असणार. साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा इथे जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघाली. बाकीच्या जगात बहुतेक ठिकाणी तोवर ती तबकडी अडगळीत गेली होती.

त्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटं वाजायची. विनोद करायचा तर तेवढ्यात. माझे घरमालक, ज्यांना मी इथल्या रीतीप्रमाणे मेशोमोशाय म्हणतो, त्यांचे वडील त्या कारखान्यात होते. त्यांच्याकडे भानू बंद्योपाध्याय यांच्या विनोदी तबकड्या अजून आहेत आणि रविवारी त्या वाजतात. भानू ढाक्याकडचे. बोलायचे बांगाल बोली, म्हणजे पूर्व बंगालची, ज्यावर कलकत्त्याचे मूळ रहिवासी नाक मुरडत. फाळणीनंतर डमडमच्या आसपास निर्वासितांच्या वसाहतींवर वसाहती उभ्या राहिल्या. तिथल्या माणसांची बोली शहर बसमध्ये हसण्यावारी नेत होतं. आणि १९५३ साली 'साडे चुआत्तर' या सिनेमात भानू तीच बोली बोलून सबंध थिएटर खिशात घालत होते. हसणारे तेच, हसण्याची बोलीही तीच, पण आता तिकीट काढून. मेशोमोशाय स्वतः बरिशालचे. तबकडी लागली की ते हसत नाहीत. डोळे मिटून ऐकतात आणि भानू थांबले की पुढचं वाक्य त्यांच्या आधी म्हणतात.

त्यांना एकदा मी माझं एक आवडतं मराठी पॉडकास्ट ऐकवलं. एक गुल्ली त्यांच्या कानात, एक माझ्या, आणि मी शेजारी बसून भाषांतर करतोय. पहिली पाच मिनिटं यजमानांनी एकमेकांना हसवलं. मग प्रायोजक आला. मग पाहुण्याची ओळख, मग पाहुण्याने "मी एवढा मोठा नाही" म्हणणं, मग यजमानांनी "नाही नाही, तुम्ही आहातच" म्हणणं. बारा मिनिटं झाली. मेशोमोशायांनी गुल्ली काढली, पुसली आणि विचारलं, "हे लोक सुरू कधी करणार?"

"मेशोमोशाय, हे सुरूच आहे."

"अच्छा," ते म्हणाले, आणि परत कानात घातली. बंगाली माणूस सभ्य असतो.

यजमानांनी स्वतःच हसण्याबद्दल मात्र माझं मत मेशोमोशायांपेक्षा वेगळं आहे. मला ते चालतं. त्याला जुना आधार आहे. फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचा आवाज तबकडीवर घेतला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच गैसबर्गने आठवणींत लिहून ठेवलंय, की बर्ट शेपर्ड नावाच्या गोऱ्या गवयाची एक हसण्याच्या गाण्याची तबकडी होती, आणि हिंदुस्थानातल्या बाजारांत माणसं ग्रामोफोनभोवती उकिडवी बसून ती ऐकत लोटपोट व्हायची. शब्द कुणाला कळत होते? समोर कुणीतरी मनापासून हसतंय, बस. आजही एखाद्या भागात यजमानाला खरोखरच हसू आवरत नाही, तो माइकपासून दूर जातो, खुर्ची करकरते, आणि पाहुणा गोंधळून "मी काय बोललो?" म्हणतो. असा एक क्षण असेल तर बाकीचा सव्वा तास मी माफ करतो. शोभाबाजारला मी एकटाच फुटलो होतो त्या दिवशी शेजारच्या बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घेऊ दे.

पाहुणेपणाच्या बाबतीत बंगालात आम्हा मराठी माणसांना फार बोलता येत नाही. आमचा इथला इतिहास बरा नाही. बर्गी, म्हणजे मराठ्यांचे लुटारू स्वार, येतील या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. मराठे शहरात आलेच नाहीत आणि खंदकही अर्धवटच राहिला. न आलेल्या पाहुण्याची एवढी तयारी जगात कुणी केली नसेल. इथे अजून पोरांना निजवताना आमचं नाव घेतात, आणि मी खालच्या मजल्यावरून भाडं द्यायला वर गेलो की माशिमा, म्हणजे मेशोमोशायांच्या पत्नी, नातवाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगतात. मी विचारत नाही.

इथे संध्याकाळी घरांच्या ओट्यावर, ज्याला हे रोयाक म्हणतात, किंवा चहाच्या टपरीवर जो अड्डा बसतो तो मी अभ्यासकाच्या नजरेने पाहतो. नागेरबाजारच्या आमच्या टपरीवर चार म्हातारे आणि मातीचे भांड, म्हणजे चहाचे कुल्हड. विषय कुणी ठरवत नाही. परवा पद्मेचा ईलिश मोठा की कोलाघाटचा, यावर तासभर गेला आणि त्यात मासा एकच होता, तोही १९७० च्या दशकात कुणाच्या तरी सासऱ्याने आणलेला. एवढ्यात पाचवा आला. सफारी, हातात पाकीट. चौघांनी सरकून जागा दिली, चहा सांगितला. त्याने सासऱ्याचं वय विचारलं, मग म्हणाला, की त्या काळी विमा उतरवला असता तर... अड्डा तिथेच मेला. कुणी काही बोललं नाही. एकाने घड्याळ पाहिलं, एकाला औषध आठवलं. विकायला आलेला माणूस गप्पांचं काय करतो, हे मी इतक्या जवळून कुठल्याच स्टुडिओत पाहिलं नसतं.

सत्यजित राय यांच्या शेवटच्या सिनेमात, १९९१ च्या 'आगंतुक'मध्ये, उत्पल दत्त पस्तीस वर्षांनी भाचीच्या घरी पाहुणा म्हणून येतात आणि घरचे हा खरा मामा की तोतया याच काळजीत. खातरजमा करायला मित्रांना बोलावतात. त्यात रबी घोष नावाचा अवलिया नट येतो, अड्डा ही बंगाल्यांचीच देणगी असल्याचं ठासून सांगतो, आणि पाहुणा त्याला थेट ग्रीकांपर्यंत नेऊन सोडतो. पाहुण्याची परीक्षा घ्यायला बसावं आणि पाहुण्याने यजमानांचीच घ्यावी, असा तो प्रसंग. पॉडकास्ट काढणाऱ्या प्रत्येकाने एकदा पाहावा. आपले यजमान पाहुण्याला भितात किंवा पाहुण्याच्या पाया पडतात. पाहुण्याकडे संशयाने बघणं कुणाला सुचत नाही.

आणि पाहुण्याला बोलतं कसं करावं, हे प्रेमेंद्र मित्रांच्या घनादाच्या गोष्टींत आहे. १९४५ पासून आलेल्या या गोष्टी. बनमाली नस्कर लेनमधली एक खाणावळ, तिच्या माडीवर राहणारे घनादा, आणि भाड्याचा विषय कधी न काढणारे चार तरुण. घनादा थापाड्या नंबर एक. डास, खडे, कशावरूनही त्यांची गाडी आफ्रिकेला जाते. पण ती अशी सुटत नाही. आधी खायला आणावं लागतं, मग सिगारेट पुढे करावी लागते, मग त्यांना कुठेतरी डिवचावं लागतं. चौघं यासाठी कट करतात. मुलाखत घेण्याचं शास्त्र एवढंच आहे: पोट, तल्लफ आणि अपमान, याच क्रमाने. लंडनच्या 'ऑफ मेनू'मध्ये एड गँबल आणि जेम्स अॅकॅस्टर पाहुण्याला स्वप्नातलं जेवण सांगायला लावतात. पाहुणा पापडापासून गोडापर्यंत वर्णन करतो आणि प्रत्यक्षात टेबलावर काही येत नाही. कार्यक्रम मला आवडतो. घनादा मात्र पापडापाशीच उठून गेले असते.

बाहेरच्यांचा विषय निघालाच आहे तर 'द ब्यूगल'. २००७ मध्ये अँडी झाल्ट्समन आणि जॉन ऑलिव्हर या दोघांनी हे पॉडकास्ट सुरू केलं. ऑलिव्हर अमेरिकेत फार मोठा झाला आणि २०१६ पासून झाल्ट्समन दर वेळी नवे जोडीदार घेऊन बसू लागला. त्यातला एक आपला, म्हणजे कलकत्त्याचा, अनुवब पाल. इंग्रजांनी मागे ठेवलेले क्लब, फायली आणि अदब यांवर तो इंग्रजांनाच हसवतो. तो बोलत असतो तेव्हा लंडन पाहुणं असतं आणि यजमान कलकत्ता. मेट्रो एस्प्लनेडला शिरताना तो भाग ऐकण्यात जी मजा आहे ती लंडनमध्ये बसून नाही.

मोठ्या पाहुण्यांनीच भाग चांगला होतो, हा गैरसमज. मार्क मॅरन ज्या गॅरेजमध्ये पॉडकास्ट करायचा, तिथे २०१५ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा येऊन बसले, आणि तो भाग चांगलाच झाला. पण त्यांना आता निवडणूक लढवायची नव्हती, हेही बघा. उलट रिकी जर्व्हेसच्या कार्यक्रमात दोन कसलेले विनोदवीर होते आणि लोकांना आवडला तो तिसराच, त्यांच्या रेडिओच्या दिवसांतला निर्माता कार्ल पिल्किंग्टन. त्याला कुणी पाहुणा म्हणून बोलावलंच नव्हतं. तो गंभीरपणे आपली मतं सांगायचा आणि बाकीचे दोघे कोसळायचे. हसवायला आलेला माणूस आणि हसू आणणारा माणूस यांची गाठ क्वचितच पडते. हसवायलाच हवं या ईर्षेने आलेला पाहुणा काय करून ठेवतो ते २०२५ च्या फेब्रुवारीत सगळ्या देशाने पाहिलं. 'इंडियाज गॉट लेटेन्ट'वर पाहुणा म्हणून आलेल्या एका पॉडकास्टवाल्याने एक ओंगळ प्रश्न विचारला, गुन्हे दाखल झाले, आणि यजमानाला आपले सगळे भाग यूट्यूबवरून उतरवावे लागले. फौजदारीचं माझ्याच्याने समर्थन होत नाही. पण स्वतःच्या पॉडकास्टवर अध्यात्म आणि दुसऱ्याच्या घरी हे, असा पाहुणा आमच्या ओट्यावर आला असता तर चौघांना एकदम औषध आठवलं असतं.

पुण्याला माझा पुतण्या आहे, त्याचंही पॉडकास्ट आहे. विनोदी. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "काका, तुम्ही या ना एकदा. कोलकात्यातला मराठी माणूस, भारी अँगल आहे." मी इतकी वर्षं साठवलेली मतं बाहेर काढायला बसलो तोच त्याने एक फॉर्म धाडला. नाव, वय, फॉलोअर किती, आयुष्यातला सर्वांत मोठा संघर्ष, सध्या कशाची जाहिरात करायची आहे. संघर्षाच्या रकान्यात मी लिहिलं, 'ईलिशचे काटे'. जाहिरातीच्या रकान्यात रेघ मारली. फॉलोअरमध्ये मेशोमोशायांना धरावं की नाही हे विचारायला म्हणून परत फोन केला, आणि ओघात त्याला भानूंची तबकडी, बरिशाल, आणि "सुरू कधी करणार" हे सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग पोरगं म्हणालं, "काका, राग मानू नका. पण तुमच्याऐवजी ते येतील का? तुम्ही भाषांतराला बसा."

राग कसला. त्याला शेवटी पाहुणा ओळखता आला. मी वर गेलो. मेशोमोशाय गॅलरीत पेपर वाचत होते. पुणे, कार्यक्रम, व्हिडिओवरून बोलायचं, विषय काही नाही, विकायचं काही नाही, असं सगळं समजावलं. त्यांनी चष्मा काढला.

"खायला काय देतात?"

मी पुतण्याला तिथूनच विचारलं. तो म्हणाला, सगळ्या पाहुण्यांना पॉडकास्टचं नाव छापलेला मग कुरिअरने पाठवतो.

मेशोमोशायांनी थोडा विचार केला.

"मगात काय असतं?"